अलॉय नवी बसवली, हवेवर लक्ष कोणाचे?

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे वळणाऱ्या गाड्यांत नवी अलॉय चाके लावलेल्या गाड्या हमखास दिसतात. सणाला गावी जायचे, चार लोकांत गाडी उभी राहणार, म्हणून पनवेल, कळंबोली किंवा नवी मुंबईतल्या दुकानात चाके बदलून घेतलेली असतात. पूर्वी पंधरा इंची असतील तर आता सोळा किंवा सतरा इंची, त्यांच्यावर पातळ कडेचे रुंद टायर. जुनी चाके गोणपाटात गुंडाळून घरी जातात. गाडीला कंपनीकडून टायरच्या हवेचे सेन्सर आलेले असतील, तर पुष्कळदा त्या जुन्या चाकांबरोबर तेही घरी जातात, कारण ते रिमच्या आत बसवलेले असतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

गाडीच्या चालण्यात काही फरक जाणवत नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो, बसक्या टायरच्या छेदाची आकृती आणि तिच्यात उद्गारचिन्ह. गाडी चालू केल्यावर तो साधारण मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागलेलाच राहतो. दुकानदार सांगतो, "काही नाही साहेब, सेन्सर नाही म्हणून लागतो, लक्ष देऊ नका." त्याचे पहिले वाक्य खरे आहे. दुसरे मात्र धोक्याचे आहे, आणि मुंबई–गोवा महामार्गावर, विशेषतः पावसाळ्यात, का धोक्याचे आहे ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेख.

सेन्सरविना गाडी चालवणे म्हणजे अपराध, असे माझे म्हणणे नाही. मोटारी जवळपास शंभर वर्षे सेन्सरविनाच चालल्या. असा सेन्सर पहिल्यांदा आला तो 1986 च्या पोर्शे 959 या गाडीत, आणि आजही भारतातल्या असंख्य गाड्यांत तो नाही. पण त्या काळचा चालक पेट्रोल भरताना हवा तपासायचा, लांबच्या प्रवासाआधी चाकांवर हातोडीची मूठ आपटून आवाज ऐकायचा. सेन्सर आल्यावर ही सवय सुटली. आता सेन्सर गेला आणि सवयही परत आली नाही, तर त्या टायरकडे बघणारे कोणीच उरत नाही.

हे यंत्र दोन प्रकारचे असते, आणि चाके बदलण्याआधी आपल्या गाडीत कोणते आहे हे कळणे सर्वांत महत्त्वाचे.

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, आगपेटीपेक्षा लहान एक डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चकती, रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमची बॅटरी. भारतात आणि युरोपात ती 433 मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवते, तर अमेरिकेत बहुतेक 315 मेगाहर्ट्झवर. त्यामुळे परदेशातून कोणी हौसेने आणून दिलेला सेन्सर इथल्या गाडीला ऐकू येईलच असे नाही. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीच्या संगणकाला ते चार क्रमांक माहीत असतात. बॅटरी रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असल्याने बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की पूर्ण सेन्सरच नवा घ्यावा लागतो. गाडीच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील, तर तुमची गाडी या प्रकारची आहे.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. एबीएससाठी प्रत्येक चाकाची गती मोजली जातेच, तीच माहिती वापरून संगणक हिशेब करतो. हवा कमी झालेल्या टायरची फिरण्याची त्रिज्या किंचित घटते, म्हणून तेवढेच अंतर कापायला तो इतरांपेक्षा किंचित जास्त फेरे घेतो. हा फरक पकडून दिवा लावला जातो. टाटाच्या नेक्सॉनमध्ये आयटीपीएमएस नावाने येते ती हीच पद्धत. इथे चाके बदलली तरी व्यवस्था शाबूत राहते, फक्त हवा नीट भरून ती रीसेट करावी लागते, म्हणजे नवी चाके हाच आता मूळ हिशेब आहे असे तिला सांगावे लागते. तिची एक उणीव आहे. ती चाकांची एकमेकांशी तुलना करते, त्यामुळे चारही टायरची हवा दोन-तीन महिन्यांत सारखीच उतरली तर तिला ते उशिरा कळते किंवा कळतच नाही. शिवाय कमी हवेत रीसेटचे बटण दाबले, तर तेवढी कमी हवाच योग्य मानून यंत्रणा गप्प बसते.

अडचण होते ती पहिल्या प्रकारात. सेन्सर जुन्या चाकांबरोबर घरी गेला की हवा कमी झाल्याचा इशाराच मिळत नाही.

चाकात हवा कमी असली की नेमके काय होते? आपल्याकडे एक समज फार खोल रुजला आहे, की उन्हाळ्यात किंवा लांबच्या प्रवासात हवा गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो, म्हणून दोन-चार पीएसआय कमीच ठेवावी. हा समज उलटा आहे, आणि त्याने जीव गेले आहेत. हिशेब करून पाहा. सकाळी थंड टायरमध्ये 25 अंश तापमानाला 33 पीएसआय हवा भरली आणि चालून चालून आतली हवा 65 अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण 39 पीएसआयवर जातो. मोटारीच्या टायरच्या कडेवर कमाल दाब म्हणून बहुधा 44 किंवा 51 पीएसआय छापलेले असते, आणि टायर फुटण्याचा दाब त्याच्याही खूप पुढे असतो. कंपनीने 33 चा आकडा दिला तोच मुळी टायर तापणार हे धरून.

कमी हवेचा टायर मात्र आतून तुटतो. गाडीचे वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची कड जमिनीजवळ जास्त दुमडते, वर गेली की सरळ होते, पुन्हा दुमडते. तार एकाच जागी वाकवत राहिले की ती जागा तापते, तसेच इथे होते. 185/65 आर15 मापाच्या टायरचा परीघ 1.95 मीटरच्या आसपास, म्हणजे एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. पनवेलहून महाडपर्यंतच्या सुमारे सव्वाशे किलोमीटरांत टायरचा प्रत्येक भाग साठ हजारांहून जास्त वेळा दुमडतो. कड जास्त दुमडली की प्रत्येक फेऱ्याला थोडी जास्त उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. रबर आणि पोलादी तारांच्या पट्ट्यांमधला जोड सैल होतो आणि एका क्षणी टायर फाटतो. असा टायर पंक्चरवाल्याने खोलला तर आतून काळा रबराचा भुगा पडतो. तो भुगा दिसला तर त्या टायरला पंक्चर काढून पुन्हा लावू नका, बाहेरून तो कितीही धडधाकट दिसू दे.

अमेरिका हे फार मोठी किंमत देऊन शिकली. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवर होते. धावता धावता त्यांचा वरचा पट्टा सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. मृतांची संख्या अडीचशेहून वर गेली. टायरच्या बनावटीत दोष होता, पण उष्ण हवामान, वेग आणि कमी हवा यांनी तो दोष जीवघेणा केला. फोर्डने या गाडीसाठी 26 पीएसआयच सुचवले होते, त्यामुळे थोडी हवा उतरली तरी टायर धोक्याच्या टप्प्यात जात असे. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि 2008 च्या मॉडेलपासून प्रत्येक हलक्या गाडीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपने नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती बंधनकारक केली.

भारतात अशी सरसकट सक्ती नाही. पण एक नियम आहे जो अलॉय घेणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती लागू झाली. तिच्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या, नऊ जणांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्युबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देणे आवश्यक नाही. म्हणजे तुमच्या गाडीत मागच्या डिकीत पाचवे चाक नसेल, तर त्या चाकाच्या बदल्यात तुम्हाला सेन्सर मिळाला आहे. अशा गाडीतला सेन्सर काढून ठेवला तर हातात स्टेपनीही नाही आणि इशाराही नाही. विद्युत मोटारी घेणाऱ्यांनी हे खास तपासावे, कारण बॅटरीला जागा करताना स्टेपनीवर गदा येते.

आता मुंबई–गोवा महामार्गावरच्या कर्नाळ्याकडे, जिथे हा धोका नेमका दिसतो. पनवेलपासून बारा किलोमीटरवर अभयारण्याचे प्रवेशद्वार थेट महामार्गावर आहे. 1968 साली घोषित झालेले हे छोटे जंगल, आणि त्याच्या पोटातून जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग 66. शिरढोण मागे पडले की रस्ता चढू लागतो, किल्ल्याचा सुळका डावीकडे डोके काढतो, वळणे येतात, दोन्ही बाजूंची झाडी रस्त्यावर सावली धरते. पुढे उतार संपतो तो तारा आणि खारपाड्याकडे. घाट म्हणावा इतका हा चढ मोठा नाही, आणि म्हणूनच लोक इथे वेग कमी करत नाहीत. त्यात पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 पासून वर्षानुवर्षे रेंगाळले. खड्डे, डायव्हर्शन, काँक्रीट आणि डांबर यांच्यातली उंच धार, अर्धवट भरलेली खडी, या सगळ्यांनी कोकणात जाणाऱ्या पिढीची परीक्षा घेतली.

रुंद रिम आणि पातळ टायरला हाच रस्ता सर्वांत वाईट. 185/65 आर15 काढून 195/55 आर16 घातला, तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, साधारण 621 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. पण टायरच्या कडेची उंची 120 मिलिमीटरवरून 107 वर येते. खड्ड्याचा मार पचवणारी गादी तेवढी पातळ झाली. धार लागली की रिम वाकते, कडेला फुगा येतो, किंवा रिम आणि टायरच्या जोडातून हळूहळू हवा सुटू लागते. ही हळू गळती फसवी असते. ट्युबलेस टायर एकदम बसत नाही. खिळा रुतून राहिला तरी कित्येक तास थोडी थोडी हवा जात राहते, पॉवर स्टेअरिंगमुळे हाताला जडपणा जाणवत नाही, आणि पेणला चहाला थांबेपर्यंत कोणी खाली वाकून बघत नाही. सेन्सरचे खरे काम नेमके या वेळात असते.

आणखी एक बारीक मुद्दा आहे. त्या नव्या टायरची वजन पेलण्याची क्षमता बहुधा थोडी कमी असते. वरच्या उदाहरणात जुन्या टायरवर बहुधा 88 हा भारांक असतो, म्हणजे 560 किलो, तर नव्यावर 87, म्हणजे 545 किलो. पाच माणसे, सामान, गणपतीची मूर्ती, परतताना तांदळाचे पोते, असे सगळे धरले तर दाराच्या खांबावर छापलेला हवेचा आकडा नव्या टायरला थोडा अपुरा पडू शकतो. टायर विक्रेत्याकडून कंपनीचा तक्ता मागून घेऊन नवा आकडा ठरवावा.

पावसाचा विचार वेगळाच करावा लागतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कर्नाळ्याच्या चढाउतारावर पाण्याचे पाट रस्त्यावरूनच वाहतात. टायर पाण्यावर तरंगू लागला की स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. 1963 साली नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवले, की हा तरंगण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्रात 33 पीएसआय घातले तर ताशी सुमारे 96 किलोमीटर येतात, 22 पीएसआय घातले तर 78. मोटारीच्या टायरची नक्षी, रुंदी, पाण्याची खोली यांनी हे आकडे बदलतात, टायर गोटा झालेला असेल तर फारच खाली येतात, आणि रुंद टायर पाणी बाजूला सारायला अरुंद टायरपेक्षा कमी पडतो. पण दिशा स्पष्ट आहे. हवा एक तृतीयांश कमी, तर गाडी ताशी अठरा किलोमीटर आधीच ताबा सोडू शकते. खिंडीतल्या वळणावर पुढे एसटी आणि मागे ट्रक असताना हा फरक जगण्या-मरण्याचा आहे.

सेन्सर असला तरी निर्धास्त राहू नये, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या नियमात दिवा लागण्याची मर्यादा ठरवलेल्या दाबापेक्षा 25 टक्के खाली आहे. 33 च्या गाडीत तो पंचविसाच्या आसपास लागेल. तोवर टायर बरेच अंतर तापत गेलेला असतो. म्हणून हाती धरायचा गेज, चारचौघांत वापरून खात्री केलेला, प्रत्येक गाडीत असावाच. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप जाते. नायट्रोजन भरला तरी तपासणी चुकत नाही. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो आणि विकत घेतलेल्या नायट्रोजनचा खरा फायदा मुख्यतः तो कोरडा असण्यात आहे.

मग अलॉय घ्यायचीच असतील तर? मला विचाराल तर उत्तर एकच: जुन्या चाकांतले सेन्सर काढून नव्या चाकांत बसवून घ्या. चाके आणि टायर यांच्या किमतीपुढे ही मजुरी किरकोळ आहे, आणि सेन्सरचे क्रमांक तेच राहिल्याने बहुतेक गाड्यांत पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. काही गाड्यांत चाकांच्या जागा बदलल्या तर तेवढे शिकवावे लागते. चाके निवडतानाच विचारा, की या रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकात आणि आतल्या खोलगटात आपला सेन्सर बसतो का. काही रिमचा आतला आकार असा असतो की डबी टेकते. जुने टायर उतरवण्याआधी कारागिराला सेन्सर आहे हे मोठ्याने सांगा, कारण मशीनचा दांडा नेमका व्हॉल्व्हपाशी लागला तर डबी फुटते. बसवताना नवे रबरी वायसर आणि नवी पिन वापरायला लावा, नट जोर लावून पिळू देऊ नका. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी घालू नका, कोकणच्या खाऱ्या दमट हवेत ती गंजून कायमची चिकटते आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. साधी प्लॅस्टिकची टोपी उत्तम. पंक्चर टळावे म्हणून टायरमध्ये जेल ओतण्याची पद्धत आहे, सेन्सर असलेल्या चाकात ते करू नये, त्याचे भोक बुजते.

सेन्सर खरोखरच बसत नसतील, किंवा बॅटरी संपली असेल, तर बाजारात व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी घालायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा पडदा असा संच मिळतो. काही नसण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. मात्र साध्या रबरी व्हॉल्व्हवर तो घालू नये. ताशी 100 किलोमीटरला रिमच्या कडेवरच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या दीडशेपट तरी जोर येतो, म्हणजे दहा ग्रॅमची टोपी दीड किलोसारखी व्हॉल्व्हला ओढते. रबर मुळाशी चिरते. धातूचे व्हॉल्व्ह बसवून मगच हे सेन्सर लावावेत.

यातले काहीच करणार नसाल तर निदान तो जळता दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकू नका. दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, सकाळी, गाडी न हलवता, चारही टायर आणि स्टेपनी गेजने मोजा. गरम टायरवर आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नका. महाबळेश्वरला चढून गेल्यावर गेज एक-दोन पीएसआय जास्त दाखवेल, ते वरच्या विरळ हवेमुळे, तिथेही हवा सोडू नका, खाली उतरताना ती लागणार आहे.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा 2023 साली परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. मुंबई–गोवा महामार्गावरही सणासुदीला पळस्प्यापाशी अशी तपासणी आणि मोफत हवेची सोय व्हायला हवी. ती होईल तेव्हा होईल. तोवर अलॉयचे पैसे देण्याआधी गाडी चालू करा, दुकानापासून पंधरा-वीस मिनिटे चालवून आणा, आणि पिवळा दिवा विझलेला पाहूनच बिल चुकते करा.